बारा आठवड्यांनंतरचा ड्रायव्हर

पहाटे चारला इंग्लंडातल्या डॅव्हेंट्रीसारख्या गावाबाहेर, गोदामांच्या आवारात उभं राहिलं की ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या खिडकीपुढे ड्रायव्हरांची छोटी रांग दिसते. सगळ्यांच्या अंगात पिवळंधमक जॅकेट. काहींच्या पाठीवर कंपनीचं नाव छापलेलं, काहींची पाठ कोरी. खिडकीतून किल्ली मिळते, कागद मिळतात, ट्रेलरचा नंबर मिळतो. मग बॅटरी हातात घेऊन गाडीभोवती फेरी: टायर, दिवे, आरसे, ट्रेलरला जोडलेल्या लाल-पिवळ्या हवेच्या नळ्या, मागची नंबरप्लेट. नावाच्या जॅकेटवाला जी फेरी मारतो तीच कोऱ्या पाठीचाही मारतो. दोघांच्या खिशात एकाच वर्गाचं लायसन. साडेचार तास गाडी हाकली की पंचेचाळीस मिनिटं थांबायची सक्ती दोघांनाही, आणि दोघांच्याही केबिनमधला टॅकोग्राफ मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवतो. रस्त्यात काही चुकलं तर पोलीस जॅकेटची पाठ बघत बसत नाहीत.

फरक कळतो तो पगाराची चिठ्ठी हातात पडल्यावर. छापील नाववाल्याची चिठ्ठी गोदामाच्या कंपनीची असते. कोऱ्या पाठीवाल्याची एजन्सीची असते, आणि बऱ्याचदा एजन्सीचीही नसते, तिच्यामागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच कंपनीची असते. गाडी एकाची, हुकूम त्याचाच, पगार मात्र भलत्याच्या खात्यातून. आपल्याकडे याला ठेकेदारी म्हणतात. तिकडे एजन्सी म्हणतात, एवढंच.

‘समान कामाला समान दाम’ ही घोषणा द्यायला सोपी. समान म्हणजे नेमकं कोणाशी समान, आणि दामात काय काय मोजायचं, हे विचारलं की घोषणा देणारेही एकमेकांची तोंडं बघायला लागतात. ब्रिटनमध्ये पंधराएक वर्षांपूर्वी या दोन प्रश्नांची उत्तरं कायद्यात लिहून ठेवली गेली. ती समजून घ्यायला ड्रायव्हरसारखं उदाहरण नाही. मास्तर किंवा नर्स यांच्या बाबतीत ‘काम सारखं नव्हतं’ असं म्हणायला जागा उरते. ड्रायव्हरचे तास, मैल आणि थांबे कागदावर उमटलेले असतात. म्हणजे वाद कामाचा राहतच नाही, राहतो तो फक्त माणूस कोणाचा याचा.

पगाराच्या बरोबरीचा ब्रिटिश कायदा जुना आहे, पण तो या ड्रायव्हरच्या उपयोगाचा नव्हता. डॅगनम इथल्या फोर्डच्या कारखान्यात गाडीच्या सीटांची कव्हरं शिवणाऱ्या बायकांनी १९६८ मध्ये संप केला, त्यातून वातावरण तापलं आणि १९७० मध्ये समान वेतनाचा कायदा झाला. तो स्त्री आणि पुरुष यांच्यातल्या फरकाचा. एजन्सीचा ड्रायव्हर बहुतेक वेळा पुरुष, शेजारचा कायम ड्रायव्हरही पुरुष. तिथे स्त्री-पुरुष हा मुद्दाच नाही. शिवाय तो कायदा तुलना करणार ती एका मालकाच्या दोन नोकरांची. इथे मालकच दोन.

ही कोंडी फुटली ती युरोपमुळे. तात्पुरत्या एजन्सी कामगारांविषयीचा युरोपीय संघाचा आदेश नोव्हेंबर २००८ मध्ये आला. त्याचं सूत्र सरळ होतं: ज्या कंपनीत तुम्ही काम करता तिने तुम्हाला थेट नोकरीवर घेतलं असतं तर ज्या मूळ अटी मिळाल्या असत्या, त्या तुम्हाला मिळाल्या पाहिजेत, आणि त्याही पहिल्या दिवसापासून. अपवादांना मात्र जागा ठेवली होती. देशातल्या कामगार संघटना आणि उद्योजक एकमताने काही वेगळं ठरवत असतील तर ते चालणार होतं. ब्रिटनने हा सौदा आधीच, मे २००८ मध्ये उरकून घेतला होता. सरकार, कामगार संघटनांचा महासंघ आणि उद्योजकांची संघटना एकत्र बसली आणि आकडा ठरला: बारा आठवडे. या बाराला कसलंही शास्त्र नाही. बाजारात भाजीचा भाव ठरतो तसा तो ठरला. एका बाजूला पहिल्याच दिवशी बरोबरी हवी होती, दुसरीला ती जमेल तितकी लांबवायची होती. नियम २०१० मध्ये मंजूर झाले, १ ऑक्टोबर २०११ ला इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये लागू झाले. पहिल्या तुकडीचे बारा आठवडे भरले ते नाताळच्या तोंडावर.

काही गोष्टी पहिल्या दिवसापासून मिळतात. कँटीन, पाळणाघर, कंपनीची ने-आण करणारी बस, अशा सामायिक सोयी आणि रिकाम्या जागांची माहिती. तुम्ही एजन्सीचे, तुम्ही गाडीत बसून डबा खा, असं म्हणता येत नाही. पगार, कामाचे तास, रात्रपाळी, विश्रांती आणि रजा यांतली बरोबरी मात्र तेराव्या आठवड्यापासून.

आता हे बारा आठवडे मोजायचे कसे? कायद्याची खरी कारागिरी इथे आहे. आठवडा म्हणजे कॅलेंडरचा आठवडा, आणि त्यात एकच पाळी केली असली तरी तो अख्खा धरायचा. दर शनिवारी एकच फेरी मारणाऱ्या ड्रायव्हरचेही बारा शनिवारी बारा आठवडे होतात. मोजणी काम घेणाऱ्या कंपनीची आणि त्या कामाची असते, एजन्सीची नव्हे. म्हणजे एका एजन्सीकडून पाच आठवडे आणि मग दुसऱ्या एजन्सीकडून त्याच गोदामात तेच काम सात आठवडे केलं, तरी बारा भरले. हे बऱ्याच ड्रायव्हरांना ठाऊक नसतं; एजन्सी बदलली की पाटी कोरी झाली असं ते धरून चालतात, आणि तो गैरसमज दूर करण्याची कोणालाच घाई नसते.

मध्ये खंड पडला तर? सहा आठवड्यांपर्यंतच्या खंडाने मोजणी पुसली जात नाही, घड्याळ नुसतं थांबतं, परत आलात की पुढे चालू. आजारपणासाठी हीच सवलत अठ्ठावीस आठवड्यांपर्यंत आहे. रजा, संप, गोदामाची ठरलेली बंदी, यांतही घड्याळ थांबतं. बाळंतपणात तर ते थांबतही नाही, चालूच राहतं. सहा आठवड्यांहून मोठा खंड पडला किंवा खरोखरच वेगळं काम दिलं, तर मात्र पुन्हा एकपासून. आणि वेगळं काम दिलंय हे लेखी कळवावं लागतं. ड्रायव्हरांच्या बाबतीत वाद पेटतो तो इथेच. आज साडेसात टनी गाडी, उद्या सतरा-अठरा टनी, परवा ट्रेलर जोडलेली मोठी गाडी. प्रत्येकाचं लायसन वेगळं, दर वेगळा. मग हे वेगळं काम की तेच काम वेगळ्या गाडीवर? उत्तर एका वाक्यात देता येत नाही, पण निव्वळ मोजणी मोडण्यासाठी माणसाला इकडून तिकडे फिरवलं जात असेल तर त्यासाठी निराळं कलम आहे. अकराव्या आठवड्याला घरी पाठवायचं, सात आठवड्यांनी पुन्हा बोलवायचं, असा नमुना दिसला तर लवाद बारा आठवडे भरलेच असं धरू शकतो, वर ५,००० पौंडांपर्यंत भरपाई लावू शकतो.

पगारात काय धरायचं, याची यादीही कायद्याने केलेली आहे. मूळ दर, ओव्हरटाइम, रात्रीचा आणि शनिवार-रविवारचा जादा दर, सुट्टीचा पगार, स्वतःच्या कामगिरीवर मिळणारा बोनस हे सगळं आत. कंपनीची पेन्शन, कंपनीचा आजारपणाचा पगार, कामावरून कमी केल्यावर मिळणारी रक्कम हे बाहेर. पहिली यादी लांब दिसते. पण माणसाला एका नोकरीत वीस वर्षं धरून ठेवणाऱ्या गोष्टी दुसऱ्या यादीत आहेत, हे कोणत्याही कायम ड्रायव्हरला विचारा.

इथे थोडी पेन्सिल चालवावी लागेल. एजन्सीच्या जाहिरातीत दर छापलेला असतो, समजा ताशी २० पौंड. त्याच गोदामातल्या कायम ड्रायव्हरचा दर समजा १६. लोक म्हणतात, एजन्सीवाला तर चार पौंड जास्त घेतो, त्याला कसली बरोबरी हवी? पण हा वीसचा आकडा पुष्कळदा ‘अंब्रेला’ कंपनीमार्फत येतो. अंब्रेला म्हणजे छत्री. पाऊस मात्र ड्रायव्हरच्याच डोक्यावर पडतो. एजन्सी वीस पौंड छत्रीवाल्या कंपनीला देते, तीच कागदोपत्री ड्रायव्हरची मालक असते, आणि मालकाने भरायचे कर ती त्याच विसातून भरते. तिची फी समजा ताशी ५० पेन्स. उरले १९.५०. मालकाचा राष्ट्रीय विमा एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५,००० पौंडांच्या वरच्या पगारावर १५ टक्के आहे, शिवाय शिकाऊ उमेदवारांसाठीचा अर्धा टक्का. आठवड्याला ४५ तास धरले तर हे दोन मिळून ताशी साधारण २.३५ जातात. राहिले १७.१५. यातच सुट्टीचा पगार मिसळलेला. वर्षाला ५.६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने ठरलेली आहे, तिचा हिशेब १२.०७ टक्के निघतो, म्हणजे ताशी जवळपास १.८५. तो वेगळा काढला की कामाचा निखळ दर राहतो १५.३०. सोळावाल्याला रजेचा पगार सोळाच्या वर मिळतो. म्हणजे चार पौंड जास्त दिसणारा माणूस सत्तर पेन्स मागे आहे, आणि यात अजून स्वतःचा आयकर कापलेला नाही. आकडे समजुतीसाठी घेतलेत, टक्केवारी मात्र खरी आहे. एप्रिल २०२० पासून एजन्सीने हा सगळा उतार एका कागदावर मांडून काम देण्याआधीच ड्रायव्हरच्या हातात द्यायचा असा नियम आहे. कागद मिळतो. फोनवर ‘उद्या पहाटे चारला येशील का’ असं विचारणाऱ्याला ‘हो’ म्हणायच्या घाईत तो कितीजण वाचत असतील, हा वेगळा प्रश्न.

आता मूळ मुद्दा: बरोबरी कोणाशी? कायदा म्हणतो, कंपनीने तुला थेट घेतलं असतं तर. याचा अर्थ वीस वर्षं काढलेल्या जुन्या ड्रायव्हरशी नव्हे, आज नव्याने भरती होणाऱ्याशी. एकाच डेपोत जुन्या करारावरचे ड्रायव्हर एका दराने आणि नवे दुसऱ्या, कमी दराने, असं असू शकतं. एजन्सीवाला नव्यांच्या ओळीत बसतो. आणि कंपनीकडे त्या कामाला कायम ड्रायव्हरच नसेल, दराची ठरलेली श्रेणीच नसेल, तर? मग तुलनेला पलीकडे कोणी नाही, आणि बरोबरी कोणाशी करायची हा प्रश्नच हवेत राहतो. सगळेच्या सगळे ड्रायव्हर एजन्सीचे ठेवले की समान वेतनाची कटकट मुळापासून मिटते. कायद्याच्या रचनेतली ही गंमत मला त्यातल्या कुठल्याही पळवाटेपेक्षा मोठी वाटते.

लीड्समधल्या टपाल केंद्रात काम करणाऱ्या कोकुर नावाच्या एजन्सी कामगाराने रॉयल मेल आणि तिची स्वतःची एजन्सी यांच्याविरुद्ध लढलेल्या खटल्यात दोन गोष्टी पक्क्या झाल्या. कंपनीचं म्हणणं होतं, याला रजा थोडी कमी आहे, पण ती दराच्या हिशेबात भरून निघते. २०१८ मध्ये अपील लवादाने सांगितलं, असं गोळाबेरीज करून चालणार नाही. प्रत्येक अट स्वतंत्रपणे तोलायची, रजा रजेशी, दर दराशी. पण २०१९ मध्ये अपील न्यायालयाने हेही सांगितलं की कायम कामगाराइतके तास मिळालेच पाहिजेत असा हक्क यातून निघत नाही. दर बरोबर द्या, तास किती द्यायचे ते तुमचं तुम्ही बघा. आठवड्याला एकच पाळी मिळणाऱ्या ड्रायव्हरला तासाची बरोबरी मिळते, घरभाड्याची नाही.

जर्मनीतला मार्ग याच्या उलट आहे. तिथे कामगार संघटनेने करार केला असेल तर एजन्सी कामगाराचा पगार कमी ठेवता येतो. दुकानाच्या गोदामात माल काढून देणाऱ्या एका बाईला ताशी ९.२३ युरो मिळत होते, तेच काम करणाऱ्या कायम कामगारांना १३.६४. युरोपच्या न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं की करार करा, पण पगारात जे कापलं ते दुसऱ्या कुठल्या तरी फायद्यात परत दिलं पाहिजे.

हा ‘दुसरा फायदा’ म्हणजे काय, याची ब्रिटिश कहाणी सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तिला ‘स्वीडिश सवलत’ म्हणायचे. स्वीडनमध्ये एजन्सीचा माणूस बहुधा एजन्सीचा कायम नोकर असतो. काम असो वा नसो, तो नोकरीत असतो, आणि दोन कामांच्या मधल्या रिकाम्या काळातही त्याला पगार मिळतो. अशा माणसाला काम घेणाऱ्या कंपनीशी बरोबरीची गरज नाही, हे म्हणणं समजण्यासारखं आहे. युरोपच्या आदेशात ही सूट आली आणि ब्रिटनने ती आपल्या नियमांत उचलली. एजन्सीने ड्रायव्हरला कायम नोकर करून घ्यायचं, रिकाम्या काळात आधीच्या पगाराच्या किमान निम्मा आणि किमान वेतनाहून कमी नाही एवढा पगार द्यायचा, आणि काढून टाकण्याआधी असा किमान चार आठवड्यांचा पगार दिलेला असायचा. बदल्यात समान वेतनाचा हक्क संपला. बारा आठवडे झाले तरी, बारा वर्षं झाली तरी.

स्वीडनचं रोप ब्रिटनच्या मातीत लावल्यावर त्याला काटेच आले. ड्रायव्हरपुढे नवा करार ठेवला जायचा: सही कर, कायम नोकर हो. ‘कायम’ शब्दाने कोणाचं मन भुलत नाही? रिकाम्या काळाचा पगार मात्र देण्याची वेळच येऊ द्यायची नाही, हे जमवणं अवघड नव्हतं. आठवड्यात एक पाळी, तीही दोनशे मैलांवरच्या डेपोत देऊ केली की माणूस रिकामा नव्हताच. नाही म्हणाला तर त्यानेच काम नाकारलं. शेजारी त्याच गाडीवर कायम ड्रायव्हर जास्त दराने बसलेला आणि याच्या हातात ‘कायम’ लिहिलेला कागद. कामगार संघटनांच्या महासंघाने २०१३ मध्ये युरोपीय आयोगाकडे याविरुद्ध तक्रार केली. पुढे सरकारनेच नेमलेल्या मॅथ्यू टेलर यांच्या अहवालाने जुलै २०१७ मध्ये ही सवलत रद्द करा अशी शिफारस केली, आणि ६ एप्रिल २०२० ला ती रद्द झाली. तारीख बघा. दोन आठवड्यांपूर्वीच देश घरात कोंडला गेला होता, रस्त्यावर होते ते दुकानं भरणारे ड्रायव्हर. ज्यांच्या करारात ही अट होती त्यांना ‘आता तुम्हाला बरोबरीचा हक्क आहे’ असं ३० एप्रिलपर्यंत लेखी कळवायचं होतं. त्या महिन्यात हा कागद नीट वाचायला कोणाला वेळ मिळाला असेल?

आणखी एक सापळा शब्दातच आहे. कायदा ‘तात्पुरत्या’ कामगारांसाठी आहे. २०१३ मध्ये अपील लवादापुढे काही सफाई कामगार आले, एजन्सीमार्फत एकाच कारखान्यात वर्षानुवर्षं काम करणारे. लवादाने सांगितलं, तुमचं काम तात्पुरतं नाहीच, ते बेमुदत आहे, म्हणून हा कायदा तुम्हाला लागू होत नाही. तीन महिने काढलेल्याला बरोबरी, आणि जो तिथेच म्हातारा होतो त्याला नाही. कायद्याच्या शब्दाप्रमाणे निकाल बरोबर असेल. माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने ‘असला कसला न्याय’ म्हणून पदर खोचला असता.

हक्क मिळाला, खटला जिंकला, तरी पैसे कोण देणार? लंडनच्या भुयारी रेल्वेत एजन्सीमार्फत काम करणाऱ्यांना बरोबरीचा पगार मिळाला नव्हता. एजन्सी आणि भुयारी रेल्वे दोघांवर निम्मी निम्मी जबाबदारी ठरली. रेल्वेने थकबाकीची रक्कम एजन्सीला दिलीही होती. एजन्सीने ती कामगारांपर्यंत पोचवलीच नाही आणि नंतर ती दिवाळखोरीत गेली. आम्ही एकदा दिलेत, पुन्हा का द्यायचे, असं रेल्वेचं म्हणणं. २०१९ मध्ये अपील न्यायालय म्हणालं, द्यावे लागतील. आपल्या वाट्याची जबाबदारी मधल्या माणसावर ढकलून मोकळं होता येत नाही. मधला माणूस पैसे घेऊन गायब होण्याचा प्रकार आपल्याला नवा नाही, त्यामुळे हा निकाल आपल्या वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा लवकर कळेल.

२०२१ मध्ये मात्र सगळं उलटं झालं. ब्रेक्झिटमुळे युरोपातले ड्रायव्हर परत गेलेले, महासाथीत लायसनच्या परीक्षा बंद, वयस्क ड्रायव्हर निवृत्त. रोड हॉलेज असोसिएशन या मालवाहतूकदारांच्या संघटनेने एक लाख ड्रायव्हरांची टंचाई असल्याचं सांगितलं. टेस्को ही सुपरमार्केट कंपनी नव्या ड्रायव्हरला रुजू होण्याचे १,००० पौंड द्यायला तयार झाली, सरकारने परदेशी ड्रायव्हरांसाठी ५,००० तात्पुरत्या व्हिसांची घोषणा केली. एजन्सीचे दर चढले. आता कुरकुर होती छापील जॅकेटवाल्यांची: वीस वर्षं इथे घालवली आणि कालचा पोरगा आमच्यापेक्षा जास्त घेतो! त्यांना दाद मागायला कलम नव्हतं. कायदा एजन्सीवाल्याला तळ देतो, छप्पर घालत नाही. आणि कायम माणसाला एजन्सीवाल्याशी बरोबरी मागायची वेळ येईल असं तो लिहिणाऱ्यांच्या मनातही आलं नसावं.

आपल्याकडे या प्रश्नाचा आरंभच एका ड्रायव्हरपासून झाला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. रणधीर सिंग दिल्ली पोलिसांत ड्रायव्हर-कॉन्स्टेबल होते. मॅट्रिक नसलेल्या ड्रायव्हर-कॉन्स्टेबलची श्रेणी २१०–२७० रुपये. रेल्वे सुरक्षा दलातल्या ड्रायव्हरची २६०–४००. दिल्लीतल्या इतर सरकारी कार्यालयांतले ड्रायव्हरही त्यांच्या वरच्याच श्रेणीत. सरकारचं म्हणणं, खाती वेगळी, म्हणून श्रेणी वेगळी. २२ फेब्रुवारी १९८२ ला न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या खंडपीठाने ते मानलं नाही. मालक एकच, काम तेच, मग खात्याच्या पाटीने दाम बदलत नाही. राज्यघटनेची कलमं १४ आणि १६ ही मार्गदर्शक तत्त्वांतल्या ३९(ड) च्या उजेडात वाचली की समान कामाला समान वेतन हा हक्क ठरतो. १ जानेवारी १९७३ पासून निदान रेल्वे सुरक्षा दलाइतकी श्रेणी द्या, असा हुकूम झाला. २६ ऑक्टोबर २०१६ ला जगजित सिंग खटल्यात न्यायमूर्ती खेहर आणि नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे यांनी हेच तत्त्व सरकारच्या रोजंदार, हंगामी आणि कंत्राटी नोकरांना लावलं: कायम पदाच्या श्रेणीतला किमान पगार त्यांना मिळाला पाहिजे. इथेही बरोबरी खालच्या पायरीशी, डॅव्हेंट्रीसारखीच.

पण दोन्ही निकालांत मालक एकच होता, सरकार. मध्ये ठेकेदार आला की काय होतं हे मुंबईकर रोज बघतात. बेस्टच्या ‘वेट लीज’ बसमध्ये बस ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा, मार्ग आणि थांबे बेस्टचे, पैसे किलोमीटरवर. एकाच आगारातून दोन पगारांचे दोन ड्रायव्हर एकाच रस्त्याला लागतात. ऑगस्ट २०२३ मध्ये या ठेकेदारांच्या ड्रायव्हरांनी पगारवाढीसाठी काम बंद केलं, तेव्हा थांब्यावर ताटकळलेल्या कितीतरी प्रवाशांना पहिल्यांदा कळलं की लाल बसचे सगळे ड्रायव्हर बेस्टचे नसतात.

कागदावर आपला नियम ब्रिटनपेक्षा कडक होता. कंत्राटी कामगार कायदा १९७० चा, त्याखालचे केंद्रीय नियम १९७१ चे. त्यांतल्या पंचविसाव्या नियमाने ठेकेदाराच्या परवान्यालाच अट घातली: मुख्य मालकाचे कामगार जे काम करतात तेच किंवा तसंच काम ठेकेदाराचा माणूस करत असेल, तर दर, सुट्ट्या आणि तास सारखे. बारा आठवड्यांची वाट बघायची भानगड नाही. वाद झाला तर मजूर आयुक्तांकडे जायचं, आणि तिथे ‘तेच किंवा तसंच’ या दोन शब्दांवर फायली वर्षं काढायच्या.

आता तो कायदा जाऊन त्याच्या जागी कामाच्या ठिकाणची सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या अटी यांची संहिता आली आहे. तिच्यात कंत्राटी कामगाराची व्याख्या देताना एका माणसाला वगळलंय: जो ठेकेदाराकडेच नियमित नोकरीला आहे, ज्याला ठरावीक काळाने पगारवाढ आणि सामाजिक सुरक्षा मिळते, तो कंत्राटी कामगार नव्हे. ठेकेदाराचा कायम नोकर. ब्रिटनने स्वीडिश सवलतीचं दार लावलं ६ एप्रिल २०२० ला. आपल्या संहितेवर राष्ट्रपतींची सही झाली २८ सप्टेंबर २०२० ला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे.